मागे ठेवलेलं घरसामान

धाकटीने आंतरराष्ट्रीय व्यापाराची पदवी घेतली तेव्हा ती पदवी कशाशी खातात हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मावशीने विचारलं, "म्हणजे विमानातून हिंडायचं का?" वडिलांनी तर हौसेने नवी कोरी बॅगही आणून ठेवली. बॅग माळ्यावर गेली आणि धाकटी गोदामात. खडूने खोक्यांवर आकडे टाकायचे, धूळ खायची, ट्रकवाल्यांशी हुज्जत घालायची. जगभरची बंदरं तिला तोंडपाठ झाली, पण एकाही बंदराला तिचे पाय लागले नाहीत. वडील गेले ते बॅगेचं नाव न काढता. पुढे ती वरच्या मजल्यावर बुकिंगच्या टेबलावर आली आणि तिथे तिची चलती झाली.

जहाजात मावेल त्याहून जास्त माल घ्यायचा, ही त्या धंद्याची रीतच. कोणीतरी आयत्या वेळी माघार घेतोच. पण सगळेच आले, तर कुणाचा तरी कंटेनर पुढच्या जहाजापर्यंत धक्क्यावर ठेवावा लागतो. कुणाचा, ते धाकटीने ठरवायचं. साहेबांनी सुरुवातीलाच शिकवून ठेवलं होतं, "कारखानेवाला दंड लावतो, फळवाला कोर्टात खेचतो. घरसामानवाला नुसता फोन करतो. तेव्हा घरसामान मागे ठेवायचं."

ते फोन धाकटीच घ्यायची. "हो, बघते मी," असं ती इतक्या संथ आवाजात म्हणायची, की तावातावाने बोलणारा माणूसही निवळायचा. "किती शांत बोलता हो तुम्ही!" म्हणून वर आभार मानायचा. ऑफिसात तिचं नाव पडलं बर्फ. साहेब खूश झाले, हुद्दा वाढला, आणि हळूहळू तिला घरीही कशाचं काही वाटेनासं झालं. याला लोक करिअर म्हणतात.

आईचं विसरणं सुरू झालं तेव्हा घरात त्या दोघीच होत्या. एकदा आई गॅस पेटता ठेवून बाहेर निघून गेली. शेजारीण धावली म्हणून निभावलं. धाकटीला ऑफिस सुटेना. शेवटी परदेशातली थोरली येऊन आईला घेऊन गेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, "नव्या जागी त्यांची जुनी खोली जशीच्या तशी मांडा, आणि लवकर मांडा. ओळखीच्या वस्तूंना धरूनच त्या टिकतील. एकदा तुटलं की पुन्हा जोडता येणार नाही." त्या वस्तू म्हणजे खाट, शिलाई मशीन, आरशाचं कपाट आणि हात झिजलेली एक खुर्ची. त्या खुर्चीत बसून आई दोघींच्या वेण्या घालायची.

निघताना आई म्हणाली, "खुर्ची नीट पाठव गं. तुझ्याच हातातलं काम आहे, म्हणून मी निर्धास्त आहे."

आईचं सामान ज्या जहाजाने जायचं होतं, त्याला नेमके सगळेच आले. एका बाजूला कारखान्याच्या यंत्रांचे सुटे भाग आणि दुसऱ्या बाजूला आईचं घरसामान. यादीवर धाकटीचं बोट जरा रेंगाळलं. मागून साहेब म्हणाले, "तुमचं घरचंच आहे ना? घरचे घेतील समजून."

तिने घरसामान मागे ठेवलं. आपल्या माणसासाठी नियम वाकवला असं कुणी म्हणायला नको, हे एक. आणि दुसरं म्हणजे हाताला सवयच तीच होती.

थोरलीचा फोन आला. "अगं, आई रोज विचारते खुर्ची कुठे आहे म्हणून. रिकाम्या कोपऱ्यात जाऊन उभी राहते. कधी निघतंय सामान?"

"हो, बघते मी."

पुढच्या जहाजाला फळं होती. फळं नासतात, घरसामान नासत नाही, असा विचार तिने केला. आणि तो तिला अगदी बिनचूक वाटला, त्याला काय म्हणावं!

त्यानंतर थोरलीचा फोनच येईना. फोन थांबले म्हणजे गिऱ्हाइकाची समजूत पटली, हा ऑफिसचा अनुभव. धाकटीही तेच धरून चालली. सामान एकदाचं जहाजावर चढलं तेव्हा तिने आपणहून फोन लावला. "निघालं गं सामान. आई काय म्हणते खुर्चीचं?"

"आता विचारत नाही ती," थोरली म्हणाली.

धाकटीने फोन ठेवला आणि पुढचं बुकिंग घेतलं. आपल्याला रडू यायला हवं, हे तिला कळत होतं. आलं नाही. दुपारी डबा उघडला आणि सगळा संपवला.

सामान पोचलं त्या दिवशी थोरलीने व्हिडिओ कॉल लावला. खोली हुबेहूब मांडली होती. खिडकीशी मशीन, आरशासमोर खुर्ची. आई मात्र खुर्चीत नव्हती. ती खाटेच्या कडेला, परक्या घरी बसावं तशी अंग चोरून बसली होती.

"आई, ही बघ, आपली धाकटी. हिनेच पाठवलं सगळं."

आईने फोनकडे निरखून पाहिलं आणि ती सावरून बसली. "अहो बाई, सामान पोचलं हो. पण हे आमचं नव्हे. ज्यांचं आहे ना, त्यांना पाठवून द्या. वाट बघत असतील बिचारे."

आई, मी आहे, एवढंच धाकटीला म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते रोजचंच.

"हो, बघते मी."

आईने समाधानाने मान हलवली आणि थोरलीकडे वळून म्हणाली, "किती शांत बोलतात या!"