आरशाला लागलेला हात

"मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबा. पूजा उरकू द्या."

धुळ्यातल्या आमच्या कॉलेजात खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या यंत्रांची पूजा होते. विभागप्रमुख सोवळं नेसून आले होते, हातात तांब्या. आणि मी थांबले. मुकाट. क्वांटम संगणन शिकवणारी प्राध्यापक, स्वतःच्याच प्रयोगशाळेच्या दारात, चपलांशेजारी. ती जागा मला ओळखीची वाटली, याचीच जास्त लाज वाटली. शिरपूरकडच्या शाळेत सरस्वतीपूजनाला मला, भिल्लाच्या पोरीला, असंच चपला राखायला बसवायचे.

दाराच्या काचेतून सगळं दिसत होतं. माझं टेबल. लेसर, छोटे छोटे आरसे, प्रकाशाचा एकेक कण टिपणारं यंत्र. एक आरसा केसभर हलला तरी प्रयोग बोंबलतो. अख्खा उन्हाळा मी आणि माझे विद्यार्थी ते जुळवत होतो. त्यांची पदवी त्यावर अडकलेली. पहिल्याच दिवशी मी बजावते, आरशाला उघडं बोट लावायचं नाही. कुणाचंच नाही. माझंही नाही.

सरांनी कुंकवाचं बोट आरशावर ओढलं. मग तांब्यातलं गोमूत्र टेबलभर शिंपडलं. हसत हसत म्हणाले, "भिलाटीतला हात लागलाय याला. शुद्ध केलेलं बरं."

मी दार ढकललं. त्यांचं मनगट पकडलं.

"हात काढा."

त्यांनी मला थोबाडीत मारली. पोरांदेखत. कान सुन्न झाला. त्या क्षणी शाळेतल्या सगळ्या चपला माझ्या डोळ्यांपुढे आल्या. मी तांब्या हिसकावला आणि त्यांच्या तोंडावर हाणला. ओठ फुटला. सोवळ्यावर रक्त सांडलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. "माफी मागा, मिटवून टाकू. नाहीतर नोकरीवर गदा येईल." माझा गाल टम्म सुजलेला होता. त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

आईला फोन केला. ती नुकतीच कापूस वेचून घरी आली होती. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माफी मांगू नको, बेटा. बठ्ठासले देखू दे." सगळ्यांना बघू दे.

मी माफी मागितली नाही. पोलिसांत ॲट्रॉसिटीची तक्रार दिली. सरांनीही माझ्याविरुद्ध दिली. दोन्ही खटले चालू आहेत. नोकरी आज आहे, उद्या नसेलही.

नवा आरसा बसवून टेबल आम्ही पुन्हा जुळवलं. पोरांचे प्रयोग झाले. तो जुना आरसा मात्र मी पुसला नाही. नव्या वर्गाच्या पहिल्या तासाला मी तो कुंकवासकट समोर ठेवते आणि सगळं सांगते. सरांची थप्पडही, माझा तांब्याही.

प्रयोगशाळेची किल्ली आता माझ्याकडे असते. खंडेनवमीला मी आत असते, काम करत. कुणी तांब्या घेऊन दारात आलंच, तर तो मी पुन्हा हाणीन.