एमो नावाचं फूल

आमच्या बरकतपुऱ्यातल्या इमारतीत न लावता काही उगवलं, की नाव विचारायला लक्ष्मणरावांना बोलवायचं, ही रीत मी इथे राहायला येण्याआधीपासूनची. गौलीगुड्यात त्यांचं फोटोंना चौकटी करून देण्याचं दुकान होतं. आता ते मुलगा बघतो. झाडाफुलांचा त्यांचा अभ्यास काही नव्हता, पण विचारायला आलेल्याला तसंच परत पाठवणं त्यांच्या जिवावर येई. नाव ठाऊक असलं तर सांगत, नसलं तर तयार करून सांगत. भिंतीच्या फटीतून आलेल्या एका पांढऱ्या फुलाला ते ‘बेगमजुई’ म्हणाले. मी ते डायरीत लिहून घेतलं आणि तीन पुस्तकांत शोधलं. अजून सापडलेलं नाही.

त्यांची पत्नी भामाबाई उदगीरकडच्या शेतकरी घरातल्या. लक्ष्मणराव फुलांना नावं द्यायला लागले, की त्या शेजारी बसून मुकाट्याने शेंगा सोलत.

या जानेवारीत पाण्याच्या टाकीजवळ गुडघाभर उंचीचं, काटेरी पानांचं एक रोप आलं. नऊ तारखेला पहिलं फूल उमललं. ते आधी पिवळं होतं, मग केशरी होत गेलं. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेली गौरी तेव्हा प्रत्येक झाडापुढे नावाची पाटी लावत होती. सव्वीस तारखेला झेंडावंदनानंतर ती मुलांना बाग दाखवणार होती. तिने विचारलं, “काका, हे कोणतं?”

लक्ष्मणराव वाकले, बोटात काटा रुतवून घेऊन सरळ झाले. त्या दिवशी त्यांना काहीच सुचलं नाही. ‘माहीत नाही’ हे शब्द मराठीत तोंडातून निघेनात, म्हणून ते हळूच इथल्या बाजारात बोलतात त्या तेलुगूत म्हणाले, “एमो.”

एमो म्हणजे कोण जाणे. गौरीला तेलुगू येत नाही. दुसऱ्या दिवशी त्या रोपापुढे सुबक पाटी आली: एमो.

दुसऱ्या मजल्यावरची अपर्णा तेलुगू घरातली. पाटी वाचून ती जिन्यातच बसून हसली. संध्याकाळपर्यंत सगळी इमारत हसून झाली, गौरीला मात्र कोणीच काही सांगितलं नाही.

लक्ष्मणराव माझ्याकडे येऊन बसले. लोक हसले याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. पण सव्वीसला गौरी ती पाटी सगळ्यांसमोर वाचणार, आणि आपण मुद्दाम तिची फजिती केली असं तिला वाटणार. मग ती पुन्हा काका म्हणून हाक मारायची नाही. मी म्हटलं, आजच सांगून टाका. ते म्हणाले, आधी खरं नाव शोधतो.

मग रुमालात फूल घेऊन ते गौलीगुड्यातल्या दोन हारवाल्यांकडे आणि अंबरपेठच्या एका नर्सरीत जाऊन आले. तिघांनी तीन नावं सांगितली.

“तिघंही ठोकून देत होते, ताई,” ते मला म्हणाले. “मला लगेच कळलं.”

पंचवीसच्या संध्याकाळी गौरी पाट्या पुसत होती. मी आणि भामाबाई बाकावर होतो. लक्ष्मणराव तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“गौरी, एमो हे नाव नाही. एमो म्हणजे कोण जाणे. मला हे फूल खरंच माहीत नाही.”

गौरी लाल झाली. “म्हणजे दोन आठवडे मी येईल त्याला ‘कोण जाणे’ दाखवतेय?”

“करडई आहे ती,” बाकावरून भामाबाई म्हणाल्या. “आमच्या रानात हीच असायची. कोवळ्या पानांची भाजी करतात. तिसऱ्या मजल्यावरची चारुलता पोपटांना दाणे टाकते, त्यातला एखादा रुजला असेल.”

लक्ष्मणराव बाकाकडे वळले. “अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“तुम्ही कधी ‘माहीत नाही’ म्हणालात तर बोलणार ना.”

गौरीला हसू आवरेना. तिने भामाबाईंना हाताला धरून उठवलं आणि कुंपणाच्या टोकापासून सुरुवात केली. अंधार पडेपर्यंत अकरा पाट्या बदलल्या. लक्ष्मणराव मागून रंगाची डबी घेऊन चालत होते, आणि प्रत्येक रोपाशी गौरीच्या आधी तेच विचारत होते, “अगं, आणि हे?”