पानामागचं उत्तर

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. एक जवळची मैत्रीण आहे, तिच्याजवळ नाही. बाबांजवळ नाही. आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मी एरवीही कमी बोलते. लोक मला लाजाळू म्हणतात, आणि लाजाळू मुलगी खोटं बोलत नाही असं का कोण जाणे सगळे धरून चालतात. मीही तसंच धरून चालत होते.

गोष्ट एका कॅलेंडरची आहे. इतकी क्षुल्लक, की सांगायला घेतली तरी माझंच मला वाटतं — एवढंच?

ऑफिसात नवीन वर्षाची भेट म्हणून ते मिळालं होतं. विटेसारखं जाडजूड, रोज एक पान फाडायचं. पानावर तारखेखाली इंग्रजीत एक प्रश्न आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात उत्तर. मी ते आणून फ्रिजवर टेकवलं आणि विसरून गेले. आई विसरली नाही.

आई उरणकडच्या मिठागरावर राबणाऱ्या घरातली. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकली, लग्न करून पनवेलला आली. मला इंग्रजी शाळेत घालायचा हट्ट तिचाच. त्या शाळेत ती पालकांच्या मीटिंगला यायची तेव्हा मी तिला आधीच सांगून ठेवायचे — तू फार बोलू नकोस. ती बोलायची नाही. नुसती हसायची.

तर ते कॅलेंडर. अंघोळ झाल्यावर, गॅस पेटवायच्या आधी, ती पान फाडायची. आम्हाला कोणाला हात लावू द्यायची नाही. अंगठ्याने कोपरा सोडवून सावकाश, तिरकं न जाता, असं की वरच्या गोंदाला एक तूसही राहू नये. तो ‘टर्र’ आवाज मला आतल्या खोलीत ऐकू यायचा. माहेरी दोन दिवस राहून आली की साठलेली पानं एकदम फाडायची नाही — एक फाडायची, चहाचा घोट घ्यायची, मग दुसरं. आणि फाडलेलं पान दिवसभर ओट्यावर तसंच. संध्याकाळी दिव्यापाशी पडलेली उदबत्तीची राख त्याच्यात गोळा करून फेकायची.

मी डबा भरत असताना ती पान माझ्यासमोर धरायची. “वाच बाय, आज काय इचारलाय?” मी प्रश्न मराठीत सांगायचे. ती विचार करायची, मनापासून, कमरेवर हात ठेवून. उत्तर द्यायची. मग मी पान उलटायचे.

एकदा प्रश्न होता, मृत समुद्रात माणूस बुडत का नाही. तिने क्षणही घेतला नाही. “मीठ!” म्हणाली, आणि इतकी हसली, इतकी हसली — “आमाला इचारतायत मीठ!” त्या दिवशी ती दारावर आलेल्या भाजीवाल्यालासुद्धा हे सांगत होती.

त्यानंतरचं तिचं एक उत्तर चुकलं. आणखी एक चुकलं. तिचा चेहरा पडला. मला उशीर होत होता, मागचा मजकूर लांबलचक होता, मराठीत सांगायचा कंटाळा आला होता. मी पान उलटलं, न वाचता म्हणाले, “बरोबर.”

इथे मी थांबू शकते. म्हणू शकते की आईला आनंद व्हावा म्हणून — आणि तुम्हाला ते पटेलही. पण तसं नव्हतं. मला घाई होती. आणि आत कुठेतरी एक विचार होता, तो लिहितानाही हात आखडतो — हिला खरं कळून करायचंय काय? ऑक्टोपसचं रक्त निळं असलं काय आणि काळं असलं काय, ही भाकऱ्याच थापणार ना?

हो, ऑक्टोपस. ती म्हणाली होती, काळं. त्याच जातीच्या माकुळीतून काळंच निघतं, मी काय साफ केली नाय का? मी म्हणाले, बरोबर. उंटाच्या कुबडात पाणी — बरोबर. सगळ्यात तापलेला ग्रह सूर्याजवळचा, बुध — बरोबर. वर्षभर ती जवळजवळ रोज बरोबर होती. आणि आई काही विसरत नसे. कोणाच्या मुलीचं कुठल्या गावात, कोणाच्या घरात लग्न झालं इथपासून सगळं तिला तोंडपाठ. तशीच ही उत्तरंही.

सोसायटीत ती जिन्यात, गच्चीवर, पापड वाळवताना ही माहिती वाटायला लागली. मला ते माहीत होतं. मला वाटलं, वाटू दे.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. बायकांनी ठरवलं की या वेळी प्रश्नमंजूषा ठेवायची, आणि प्रश्न काकींनी काढायचे. काकी म्हणजे माझी आई. तिने नवी साडी काढली. प्रश्न कुठले ते मात्र मलाही सांगेना. मी दोनदा विचारलं. “पेपर फुटायला नको,” म्हणाली. मी तेव्हाच सांगू शकत होते ना? हातात दिवस होते. मी रोज ऑफिसला गेले, रोज परत आले, आणि मिठाचा प्रश्न असेल, सोपे असतील, कोण बघतंय, असं स्वतःला सांगत राहिले.

खाली हॉलमध्ये खुर्च्या भरल्या होत्या. आई माइक घेऊन उभी. पहिला प्रश्न उंटाचा. सगळ्या जणी ओरडल्या — पाणी! टाळ्या. कुबडात चरबी असते हे मला माहीत होतं. दुसरा, तापलेल्या ग्रहाचा. तिसऱ्या मजल्यावरच्या देसाई वहिनी म्हणाल्या, शुक्र. आई म्हणाली, चूक, बुध. वहिनींनी मोबाइल काढला.

“काकी, शुक्रच हाय दाखवतंय हो इथे.” आईच्या बोलण्याची नक्कल. दोघीचौघी हसल्या.

आई गोंधळली, पण सावरली. तिसरा प्रश्न विचारला, ऑक्टोपसच्या रक्ताचा. कोणीतरी निळं म्हणालं. आई ठाम होती, ती खाडीकाठची होती, हे तर तिच्या हातातलं होतं. “नाय. काळा.” पुन्हा मोबाइल. पुन्हा हसणं, आता सगळ्या हॉलभर. वहिनी म्हणाल्या, “हे कॅलेंडर आम्हालाही द्या काकी, त्यात वेगळीच दुनिया दिसतेय.”

आईने गर्दीतून मला शोधलं. माइक तोंडाशीच होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. “बाय, तूच वाचला होतास ना गं?”

सगळे माझ्याकडे वळले. आणि मी म्हणाले — “नाही आई. मी निळंच सांगितलं होतं. तू विसरलीस.”

माझा आवाज थरथरला नाही. याचाच मला अजून धक्का आहे. मला लहानपणापासून चार माणसांत बोलता येत नाही, वर्गात उत्तर येत असूनही मी हात वर करत नसे. आणि ते वाक्य इतकं स्वच्छ, इतकं तयार बाहेर आलं, जणू कुठेतरी ते शिजवूनच ठेवलेलं होतं. कोण होती ती मुलगी?

दुसरा धक्का — आईने ते मानलं. वाद नाही, तक्रार नाही. तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग स्वतःशी मान हलवली. “असंल,” म्हणाली. माइक खाली ठेवला आणि वाण वाटायला गेली.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. आईची आई शेवटची काही वर्षं सगळं विसरली होती. पोटच्या मुलीला “तुमी कुठल्या?” विचारायची. आईने ते बघितलं होतं. मीही बघितलं होतं. म्हणजे मी काय बोलले हे मला कळत होतं.

त्या रात्रीपासून ती गॅस बंद केला का हे दोनदा जाऊन बघू लागली. घराची किल्ली बाबांकडे दिली. उरणच्या एसटीत एकटीने चढायची बंद झाली — चुकीच्या ठिकाणी उतरले तर? शेवटी म्हणाली, डॉक्टरकडे चल. मी गेले. डॉक्टरांनी वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले, तीन वस्तूंची नावं लक्षात ठेवायला सांगितली. तिने सगळं अचूक सांगितलं. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहे. मग माझ्याकडे वळून विचारलं, घरी काही जाणवतं का?

आई माझ्याकडे बघत होती. एक वाक्य पुरलं असतं.

“कधी कधी,” मी म्हणाले. कारण नाही म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं — मग हळदीकुंकवाला काय झालं?

नव्या वर्षाचं तसंच कॅलेंडर ऑफिसात उशिरा, हळदीकुंकू होऊन गेल्यावर मिळालं. मी घरी आणलं नाही. तिने विचारलंही नाही.

आणि आता हे. गेल्या महिन्यात तिच्या माहेरी भाचीची हळद होती. मी दुपारनंतर सुट्टी घेऊन तिला नेणार होते, कबूल केलं होतं. साफ विसरले. ऑफिसनंतर मैत्रिणींबरोबर जेवायला गेले, फोन पर्समध्ये, आवाज बंद. दहाला घरी आले तर आई सोफ्यावर बसलेली. रेशमी साडी, केसात गजरा, मांडीवर आहेराची पिशवी. बाबा आत झोपलेले. ती काही म्हणायच्या आत मी म्हणाले, “आई, कालच सांगितलं ना तुला, सुट्टी नाही मिळाली म्हणून?”

विचार करावा लागला नाही. तेच वाक्य, नुसतं दुसरं.

मग तिचा चेहरा, जो रागाचा होता — हक्काचा राग होता तो — हळूहळू उतरला. “सांगितला होतास?” म्हणाली. “माझ्या ध्यानातच नाय राह्यला बघ. आणि मी मघापासून मनातल्या मनात तुलाच बोल लावत बसले.” तिने गजरा काढला, पिशवीवर ठेवला. “माफ कर गं बाय.”

“असू दे,” मी म्हणाले.