भित्रा कावळा

माझं लग्न मार्गशीर्षात झालं आणि आठच दिवसांत यजमान आगबोटीने मुंबईला, गिरणीतल्या नोकरीवर परत गेले. जाताना म्हणाले, "खोली मिळाली तर शिमग्याला येतो आणि तुला घेऊन जातो." तो ‘तर’ त्यांनी सहज उच्चारला, मला मात्र तो तीन महिने छळत राहिला. घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. त्या तासन् तास बोलायच्या नाहीत आणि मला गप्प बसवायचं नाही.

म्हणून मी सारखी मागीलदारी. घासलेली भांडी पुन्हा घासायची, झाडलेलं पुन्हा झाडायचं. माडांच्या शिंपण्यासाठी काढलेल्या पाटाकाठी एक परीट पक्षी शेपटी हलवत फिरे. त्याचाही पाय एका जागी ठरत नसे, म्हणून मला तो आवडे.

माझं माहेर अगदी वाळूत, मासे सुकवतात तिथे. तिथे काळा पक्षी म्हणजे कावळाच. आणि कावळ्याला विचारायचं असतं, हे पोरीबाळींनाही ठाऊक: आपलं माणूस येणार असेल तर तो उडतो, नसेल तर बसून राहतो. सासरच्या फणसावर रोज सकाळी एक काळा पक्षी शेजारच्या पिकल्या पोपईच्या आशेने येऊन बसे. मी खाली उभी राहून हळूच म्हणे, "ते येतले आसात तर उड रे, कावळ्या." की तो भुर्रकन उडालाच. पौष सरला, माघ सरला, त्याने मला एकदाही नाही म्हटलं नाही. मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली.

फाल्गुन लागला तशी सकाळची थंडी पातळ झाली. हिवाळाभर मुका असलेला दयाळ विहिरीच्या रहाटावर बसून शीळ घालू लागला. परीट एके दिवशी दिसला नाही, मग दिसलाच नाही. तो गेला आणि मी इथेच, याचा मला चक्क राग आला. मुंबईहून पत्र नव्हतं. त्याच सुमारास एकदा मी फणसाखाली माझा प्रश्न विचारला आणि माझ्या कावळ्याने चोच उघडली. कुहू!

सासूबाई चुलीपुढून उठून बाहेर आल्या. "अगो, तुझ्या कावळ्याक कंठ फुटलो!" मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच त्या हसल्या. "कोकीळ तो! दोन म्हयने बघतंय, तू त्येकाच इचारतंस. कावळो कधी सुनेक भियाता काय?"

म्हणजे त्यांनी रोज ऐकलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो लाजरा पक्षी नुसता माझ्या चाहुलीने उडत होता. मग मी खऱ्या कावळ्याला गाठलं. तो विहिरीच्या कठड्यावर बसे. विचारलं की मान वाकडी करून बघे. मी हातातली वाढवण, केर काढायची झाडू, उगारली, तरी दोन उड्या मारून पुन्हा तिथेच.

शिमग्याच्या चार दिवस आधी पत्र आलं. खोली मिळाली होती. मी ते सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा.

"बरां झालां," एवढंच त्या म्हणाल्या आणि तांदूळ निवडू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दाराची कडी काढणार, तोच बाहेर बोलणं ऐकू आलं. फटीतून पाहिलं. सासूबाई कालचा भात कठड्यावर ठेवत कावळ्याशी बोलत होत्या.

"माझो झील येतलो आसात तर उड. पण हिका घेवन जातलो आसात तर बस हयच, बाबा."

कडीवरचा हात मी काढून घेतला. त्या घरात मी कुणाला हवी असेन, हे तोवर माझ्या मनातही आलं नव्हतं. रडू आलं, आणि जायची घाईही तेवढीच होती. भात संपेपर्यंत कावळा तिथून हलला नाही. मी मात्र रंगपंचमी झाल्यावर मुंबईला गेले.