संपर्क काही काळ खंडित

काका गेल्याचं मला त्यांच्या रेजिमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळलं. ‘शूर योद्धा अनंतात विलीन’, आणि खाली तिरंगा. मी पोचलो तेव्हा योद्धा मकरपुऱ्याच्या एका दवाखान्यात, लिफ्ट बंद म्हणून, स्ट्रेचरवर जिन्याशी पडून होता.

मेजर म्हणवून घेणं त्यांना कधीच आवडलं नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या घराण्यात संस्थानच्या फौजेतल्या तलवारीचं फार कौतुक. काका विचारत, ‘ती शेवटची उपसली कधी? दसऱ्यालाच ना?’

दोन वर्षांपूर्वी एक निवृत्त कर्नल बटाट्याचा ओलसर गुजराती लिलो चिवडा घेऊन घरी आले. रेजिमेंटच्या युद्धाचा इतिहास छापायचा होता, त्यात काकांचं प्रकरण हवं होतं. काकांनी सगळं लिहिलं. एकाहत्तरच्या लढाईत ते तीन रणगाड्यांच्या तुकडीचे प्रमुख होते. तिन्ही रणगाडे एकाच रेडिओ फ्रिक्वेन्सीवर. मधल्या रणगाड्याला गोळा लागला, तो पेटला, आणि आत अडकलेल्या त्याच्या प्रमुखाच्या, दिनकरच्या, हातात बोलायचं बटण दाबलेलंच राहिलं. एकाने बटण धरून ठेवलं की बाकीच्यांना फक्त ऐकता येतं. हुकूम देता येईना. काकांनी थोडा वेळ ऐकलं... मग तिसऱ्या रणगाड्याला हाताने खूण करून फ्रिक्वेन्सी बदलली. तो रणगाडा वाचला, मोर्चा टिकला. दिनकर जुन्या फ्रिक्वेन्सीवर बोलतच होता.

दिनकरची बहीण सुमनबेन डभोईला असे. भावाच्या जागी ती काकांना दरवर्षी राखी पाठवायची. दिनकर क्षणात गेला, असं काकांनी तिला तेव्हाच सांगून ठेवलं होतं. मजकूर वाचून कर्नल म्हणाले की निदान त्या बहिणीचा तरी विचार करा. काकांनी केला. छापील पानावरून तिला कळू नये म्हणून ते मला घेऊन डभोईला गेले.

तिने चहा ठेवला, सगळं ऐकून घेतलं. रडली नाही.

“मग शेवटी काय बोलला तो, भाऊ?”

“माहीत नाही. मी ऐकायचं थांबलो होतो.”

“आणि त्याच्या आधी?”

काकांनी कप खाली ठेवला. “तुला हाका मारत होता.”

तिने आमचे कप उचलले. दारात ‘आवजो’ म्हणाली. गुजरातीत त्याचा अर्थ पुन्हा या असा होतो, पण निरोप घेताना सगळेच तसं म्हणतात. त्या वर्षापासून राखी आली नाही.

पुस्तक थाटात निघालं. बँड होता, शाली होत्या. काकांच्या लढाईला त्यात अर्धं पान मिळालं, आणि त्या वेळेबद्दल एकच वाक्य: संपर्क काही काळ खंडित झाला होता. बहीण तुटली ती न छापलेल्या मजकुरापायी. काकांनी पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “कागद मात्र गुळगुळीत आहे.”

काका समोरच्याच्या आधी फोन कधी ठेवत नसत. कर्जवाले, प्लॉटवाले, विमावाले, सगळ्यांचं शेवटपर्यंत ऐकून घेत. ताटातलं निवून जाई, काकू चिडत. हे आपले फोन कानाला लावून बसलेले.

तो फोन आता माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात वाजला. ज्येष्ठांसाठी विम्याची योजना होती. ते वारले, मी म्हणालो. पलीकडच्या मुलीने सॉरी म्हटलं आणि शिकवल्याप्रमाणे कुटुंबासाठीच्या योजनेकडे वळली.

मी फोन बंद केला. तिचं वाक्य अर्धंच झालं होतं.