गरम पाण्याची बारीक धार

"शेवटचा हात कुणाचा लागलाय हितं?"

आमचे प्लंबर मिस्त्री घरात शिरले की पिशवी खाली ठेवायच्या आधी हे विचारायचे. नळ गळत असो नाहीतर सिंक तुंबलेलं असो, प्रश्न तोच. मग घरातली माणसं एकमेकांकडे बघायची आणि मिस्त्री कुणाचीच बाजू न घेता चपला काढायचे. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, पाना बाहेर काढण्यापूर्वीच गुन्हेगार ओळखणारा.

ते मूळचे केम गावचे. सोलापुरात येऊन तीस वर्षं झाली तरी बोलणं गावचंच राहिलं होतं. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी ते गल्लीबाहेरचं काम घ्यायचेच नाहीत. कुणाची टाकी वाहतेय, कुणाची मोटर पाणी ओढत नाही, या घरातून त्या घरात त्यांची सायकल चालू असायची.

मी विज्ञानाचा निवृत्त शिक्षक. पाण्याचा दाब हा धडा मी इतकी वर्षं शिकवला की कुठल्याही नळाला हात लावायचा परवाना आपल्याकडे आहे, असं मला वाटायचं.

माझ्या बायकोच्या बोटांना संधिवात आहे. थंडीत गार पाण्याने बोटं आखडायची, म्हणून मी नवी पेठेतून गरम-गार पाण्याचा मिक्सर नळ आणला आणि मिस्त्रींनी तो स्वयंपाकघरात बसवला. दोन महिने ही खूश होती. मग गरम पाण्याची धार बारीक होत होत सुतासारखी झाली. भांडी पुन्हा गार पाण्यात आली आणि हिची बोटं पुन्हा सुजायला लागली.

मी निदान केलं की मिस्त्रींनी काम कच्चं केलं. हे स्वतःपाशी ठेवलं असतं तर बरं झालं असतं, पण शिक्षकाला वर्ग लागतो. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना मी सगळं सविस्तर समजावून सांगितलं. समोरच्या देशमुखांनी नव्या बाथरूमचं काम दुसऱ्या प्लंबरला दिलं. त्यांचं बघून आणखी दोन घरांनी मिस्त्रींना बोलवायचं बंद केलं. खोटं कशाला बोलू, आपल्या शब्दाला अजून वजन आहे म्हणून मला बरंच वाटलं.

शेवटी हिनेच मिस्त्रींना फोन केला. त्यांनी दारातच नेहमीचा प्रश्न विचारला.

"तुमचाच लागलाय," मी म्हणालो.

त्यांनी चपला काढल्या. मी दुसरं कारणही तयार ठेवलं होतं. टाकीची उंची कशी कमी पडते, याची आकृती काढून दाखवली. त्यांनी ती नीट बघितली.

"गार पाणी कुटल्या टाकीचं, सर?"

"त्याच टाकीचं."

"मग टाकी गरम पाण्यावरच रुसली म्हणायची."

त्यांनी बाथरूममधला गरम नळ सोडला. बादली भराभर भरली. "गिझर बरा हाय. खोट सिंकखाली हाय," म्हणत ते खाली बसले, कॉक बंद केला आणि गरम पाण्याची नळी सोडवली. तिच्या तोंडातून पकडीने एक गोळा ओढून काढला. क्षाराने पांढरं, कडक झालेलं फडकं. त्याला थोडा हिरवा काठ होता.

आता सांगायलाच हवं. पाणी आलं की नळाला फडकं बांधायची आमच्याकडे पद्धत. नवा मिक्सर क्षाराने खराब होऊ नये म्हणून, मिस्त्री तो बसवून गेले त्याच संध्याकाळी मी गरम पाण्याची नळी सोडवून हिच्या जुन्या साडीचा तुकडा आत कोंबला होता. आतून गाळणं. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झालो की पुढे ते साफ विसरलो. फडक्याने मात्र काम चोख केलं. आधी क्षार अडवला, मग पाणी.

मिस्त्रींनी फडक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. एवढ्यात ही दारात आली. त्यांनी फडकं मुठीत घेतलं.

"क्षार हुता, वैनी. सोलापूरचं पाणी लई जड."

नळी बसवून नळ सोडला. हिने दोन्ही हात गरम धारेखाली धरले आणि बराच वेळ काढलेच नाहीत. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

फाटकापाशी मी त्यांना म्हणालो, "मिस्त्री, ते फडकं..."

"असू द्या की, सर. पोरं शिकवल्याली माणसं तुमी. तुमचं चुकल्यालं बरं दिसत न्हाय."

त्याच दिवशी मी देशमुखांकडे जायला हवं होतं. उद्या जाऊ म्हटलं, मग परवा. चूक कबूल करायला वर्गातल्या मुलांना मी एक मिनिट द्यायचो. स्वतःला वर्ष दिलं. तेवढ्यात मिस्त्री शेताच्या कामाला केमला गेले आणि छातीत कळ येऊन तिथेच वारले.

बातमी कळली तसा मी देशमुखांच्या घरी गेलो. म्हणालो, "मिस्त्रींचं काम चांगलं होतं. नळीत फडकं मी कोंबलं होतं."

"सर, त्यांनीच सांगितलं होतं आम्हाला," देशमुख म्हणाले. "'फडकं माझ्या हातनं आत ऱ्हायलं, सर बोलले ते खरं हुतं,' म्हणाले."

"खोटं सांगितलं त्यांनी. मीच..."

देशमुखांनी माझा हात हातात घेतला. "गेलेल्या माणसाची चूक स्वतःवर घेताय. त्याला मोठं मन लागतं, सर." आणि आत वळून त्यांनी चहा टाकायला सांगितलं.

बाकीच्या दोन घरांतही हेच झालं. आता सकाळी फिरायला निघालो की लोक थांबून नमस्कार करतात. मला लाज वाटते. एखाद्याला थांबवून खरं काय ते सांगितलं, की दुसऱ्या दिवशी तो जास्तच वाकतो.