कमळाबाईचा बांधलेला अंगठा

किन्हवलीकडच्या निमसे आळीत कमळाबाईचं नाव काढलं की लोक आधी हसतात, मग इकडंतिकडं बघून हळू बोलतात. न जाणो, ऐकत असेल. बाई वाईट नव्हती. कुणाच्या अडीनडीला रात्रीअपरात्री पहिली धावणारी तीच. पण विश्वास म्हणाल तर तो तिनं उभ्या जन्मात कुणावर टाकला नाही. तांदळाच्या कणगीत वरून बोटानं रेघ ओढून ठेवायची, म्हणजे सुनेनं शेरभर काढले तरी कळावं. पोलिओचे थेंब पाजायला नर्सबाई आल्या, तर हिनं आधी त्यांनाच दोन थेंब घ्यायला लावले आणि ओट्यावर तासभर बसवून ठेवलं, काय होतंय बघू म्हणून. ज्या नातवासाठी हे सगळं केलं तो आता चौथीत आहे, आणि आळीत तो किस्सा अजून सांगतात.

अशा बाईच्या दारात २००५ सालच्या संक्रांतीनंतर एका सकाळी पांढरी सुमो येऊन थांबली. आतून उतरला तिचा पाठचा भाऊ, टोकावड्याचा गणू हरड, डोळ्याला काळा चष्मा लावलेला. गाडी चालवत होता त्याचा मुलगा रितेश. गाडी रितेशचीच, भाड्यानं फिरवायची.

"बाय, कपडे घे आणि चल," गणू म्हणाला. "चार दिस फिरून येऊ. मुरबाडला जनाकडं जाऊ, घाट चढून जुन्नरला सावळीकडं जाऊ, शिवनेरी बघू. डोळ्याचं आपरेशन झालंय, आता लख्ख दिसतंय. म्हटलं दिसतंय तवर आपली मानसं बघून घेऊ."

क्षणभर कमळाबाईला इतकं बरं वाटलं की काही विचारू नका. पंधरा वर्षांत भाऊ असा दारात आला नव्हता. आणि तेवढ्यात मनात पाल चुकचुकली. कुठंतरी पाणी मुरतंय.

तिला दोष देण्याआधी आमच्याकडची रीत ऐका. बाप गेला की जमिनीच्या कागदाला भावांच्या जोडीनं बहिणींचीही नावं वारस म्हणून लागतात. मग कधीतरी भाऊ बहिणीला साडीचोळी करतो, गोडधोड खाऊ घालतो आणि हक्कसोडाच्या कागदावर तिचा अंगठा घेतो. बहीण देतेही. न देऊन सांगते कुणाला? हिस्सा मागितला की माहेर तुटलं. शेजारच्या भिमीला दोन वर्षांमागं तिच्या भावानं असंच गाडीत घालून शहापूरला नेलं, श्रीखंडपुरी खाऊ घातली, डावा अंगठा घेतला, आणि सहा महिन्यांत त्या शेताभोवती कुणा मुंबईवाल्याच्या फार्महाऊसची भिंत उठली. भाऊ आता भिमीला ओळख देत नाही.

कमळाबाईचं माहेरचं शेत टोकावड्याला, रस्त्याच्या खालच्या अंगाला. बाप धर्मा हरड बहात्तर साली गेला. तिनं हिस्सा कधी मागितला नव्हता आणि मागणारही नव्हती. पण आपलं नाव त्या कागदावर आहे, यावर ती जगत होती. आई गेली, घर भावजयीचं झालं, अंगणातली चूल गेली. "नाव हाय ना माझं तिथं," ती भिमीला म्हणायची. "ते गेलं की मी तिथली कोण? पावनी." म्हणून बाकी काहीही होवो, अंगठा द्यायचा नाही, एवढं तिनं ठरवून टाकलं होतं.

आता जायचं नाही म्हणावं तर भाऊ दारात उभा. आणि खरं सांगायचं तर तिला जायचंही होतं. जुन्नर तिनं कधी पाहिलं नव्हतं. "आलेच हां," म्हणून ती आत गेली, हळद आणि तेल कालवलं, डाव्या अंगठ्यावर थापलं आणि जुन्या धोतराची चिंधी अशी गच्च बांधली की अंगठ्याचं वांगं झालं. बाहेर येऊन म्हणाली, "विळा लागला." गणू कळवळला. लगेच डॉक्टरकडं जाऊ म्हणाला. "नको," कमळाबाई म्हणाली, "उघडायचा नाय सांगितलंय."

मुरबाडला मावसबहीण जनाकडं पहिला मुक्काम. गावात शिरताना रितेशनं पेरू घ्यायला गाडी थांबवली, ती नेमकी झाडाखाली स्टॅम्पपेपर विकणाऱ्यांच्या टेबलांपाशी. कमळाबाईनं हात पदराखाली घेतला आणि खिडकीची काच वर केली. रितेश पेरू निवडता निवडता मोबाईलवर बोलत होता. "हो सर, आत्या आहे गाडीत. उद्या आणतोच." झालं. बाईनं चिंधीला आणखी एक गाठ मारली. त्या संध्याकाळी गणूनं तिच्यासाठी हिरवी साडी आणली, तर तिनं घडी मोडून, काठ चोळून, उजेडात धरून परत त्याच्या मांडीवर ठेवली. "रंग जातो," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टोकावडं मागं पडलं, वैशाखरे मागं पडलं, माळशेज चढून गाडी ओतूरवरून जुन्नरला लागली. गणू सगळा रस्ता लहान पोरासारखा बोलत होता. हे बघ, ते बघ, ती गाय बघ कशी काळीभोर. कमळाबाई बघत होती ती त्याच्या पायाशी ठेवलेल्या रेक्झिनच्या पिशवीकडं. कागद असणार तर त्यातच. एका ठिकाणी दोघं उतरून लांब गेले तशी तिनं पिशवी उघडून बघितली. आत डोळ्यात घालायचे थेंब, एक बनियन, आणि तिच्यासाठी आणलेली शेंगदाण्याची चिक्की. मग कागद रितेशकडं असणार, असं तिनं ठरवलं.

जुन्नरला चुलतबहीण सावळीच्या घरी जेवायला बसले. रितेशचे ते "सर" म्हणजे सावळीचा मुलगा निघाला, तिथल्या शाळेत मास्तर. तो कमळाबाईला गड दाखवायला रजा काढून थांबला होता. संशयाला एवढ्यानं थोडंच भागतं? मास्तर म्हणजे कागद लिहिता येणारा माणूस. कमळाबाई आणखी सावध झाली.

सावळीचं लक्ष मात्र चिंधीवर. "दाखव गो. वास मारतोय. चिघळलं असंल."

"डाक्टरनं उघडू नको म्हटलंय."

"कुठल्या डाक्टरनं?"

"शहापूरच्या," कमळाबाई म्हणाली आणि आमटीत भाकरी बुडवायला गेली, तर गणूनं आधीच तिची भाकरी मोडून ताटात ठेवली होती. चारही दिवस तेच. हात धुताना तांब्या तो धरायचा. शिवनेरीच्या पायऱ्यांवर तिचं पायताण त्यानं हातात घेतलं. कुठं टेकायचं म्हटलं की आधी उपरणं पसरायचा. अहो, एवढी माया एरवी कुणाला खुपेल? पण जेवढा तो जपायचा तेवढी हिची खात्री पटत जायची. गड तिनं पाहिला, पण कसा? अर्धं लक्ष रितेशच्या खिशाकडं ठेवून.

चौथ्या दिवशी गणू म्हणाला, नाणेघाट बघूनच घरी जाऊ. कल्याणहून जुन्नरला माल जायचा ती जुनी वाट, वर जकातीचा दगडी रांजण. त्या माथ्यावर सुळका आहे, त्याला नानाचा अंगठा म्हणतात. टोकावड्याच्या पोरांनी तो जन्मभर खालून बघितलेला असतो. वरून खाली बघायची वेळ या दोघांवर साठी उलटल्यावर आली.

कड्याच्या काठाशी गणूनं चष्मा काढला. खाली वैशाखरे, पलीकडं टोकावडं, मध्ये पिवळी पडलेली खाचरं. तो बराच वेळ शोधत राहिला, मग त्यानं बोट केलं. "ती बघ आपली विहीर. ती चिंच. तिच्या खाली आपलं शेत. तू माळ्यावर बसून पाखरं हाकायचीस आणि मी माळ्याखाली झोपायचो. आई भात लावायला जायची, मला तूच वाढवलं, बाय. मी कवा बोललो नाय तुला."

कमळाबाईला रडू फुटलं. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून. चार दिवस आपण या माणसाच्या पिशव्या तपासत बसलो, त्यानं आणलेली साडी तोंडावर टाकली. रांजणाच्या आडोशाला जाऊन तिनं चिंधी सोडली. अंगठा हळदीनं पिवळा पडून सुरकुतला होता. तिनं पदरानं पुसला आणि मनाशी म्हटलं, घेऊ दे. शेत त्यानंच कसलंय. नाव गेलं तर गेलं, भाऊ तरी राहील.

परत घाट उतरून वैशाखऱ्याला चहाला थांबले. कमळाबाईनं कप खाली ठेवला आणि डावा हात टेबलावर ठेवला.

"काढ," ती म्हणाली.

"काय काढू?"

"हक्कसोडाचा कागद. मला सगळं म्हाईत हाय. विळा बिळा काय लागला नवता मला. घे अंगठा. मी खुशीनं देते."

रितेश हसायला लागला. "आत्या, कसला कागद? आमी फिरायला आलो."

गणू हसला नाही. तो त्या अंगठ्याकडं बघत राहिला. आता खरं बघा, तो गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. बहीण खूश, भाऊ खूश, गाडी सुखानं किन्हवलीला. पण नुकतंच कड्यावर जे बोलून आला होता त्यामुळं त्याला गप्प बसवेना.

"बाय, तुझा अंगठा लागतच नाय," तो म्हणाला. "तुझं नाव नाय तिथं."

"कवा काढलं?"

"काढलं नाय. लावलंच नवतं. बा गेला तवा तलाठ्यानं विचारलं, वारस किती. चार लोक म्हनाले पोरींची नावं लावू नको, पुढं भानगडी व्हतात. मी सांगितलं, एकच. मी."

"म्हंजे बाला पोरं किती लिवलीत?"

"एक."

"आणि लेक?"

"नाय लिवली."

जिनं नर्सबाईला थेंब पाजले, चिक्कीच्या पिशव्या उघडून बघितल्या, तिला तेहतीस वर्षांत त्या एका कागदाचा संशय आला नव्हता. जे नव्हतंच त्याची ती राखण करत बसली होती. चहावाल्यानं येऊन कप उचलले, तेव्हा तिनं डावा हात टेबलावरून उचलून पदराखाली घेतला.

"म्हनून फिरवलंस मला?" तिनं शेवटी विचारलं. "पाप फेडायला?"

"नाय गो. ते तर मी इसरूनबी गेलो व्हतो. डोळ्यानं दिसाया लागलं म्हनून तुला घेऊन निघालो."

हे तिला लगेच पटलं. पारखायची गरजच वाटली नाही. त्याची माया खरी होती आणि बहिणीला कागदातून पुसून टाकून तो विसरला होता, हेही तितकंच खरं. त्यानंच तिच्या जिवाला जास्त लागलं.

"मला घरी सोडू नको," ती रितेशला म्हणाली. "टोकावड्याला घे गाडी. उद्या तलाठ्याकडं जायचंय."

"आत्या, एवढ्या वरसांनी काय ते उकरून..."

"गप रे," गणू म्हणाला. "घे म्हनली ना ती."

तलाठी नवा, तरुण पोरगा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजी, तुम्हाला हिस्सा पाहिजे का?"

"हिश्श्याचं मागनं बघू. आधी मला लेक लिवा."

वारस म्हणून नाव लावायचं तर पुरावा पाहिजे, तो म्हणाला. शाळेचा दाखला? शाळा कुणी बघितली होती. जन्माची नोंद? ती कुठली. आयुष्यभर दुसऱ्याकडं पुरावा मागत आलेल्या बाईजवळ स्वतः कुणाची लेक असल्याचा एक चिठोरा नव्हता. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"मी देतो ना जबाब," गणू म्हणाला. तो खुर्चीवरून उठला. "धर्मा हरडाला दोन पोरं. थोरली कमळा, ही. दुसरा मी. बहात्तर साली मी खोटं सांगितलं, तेबी लिवा."

"त्यानं तुम्हालाच त्रास होईल, बाबा."

"लिवा."

तलाठ्यानं कोरा कागद ओढला. "आजी, पूर्ण नाव सांगा."

"कमळा धर्मा हरड."

"सासरचं सांगा. मतदार कार्डावर निमसे आहे तुमचं."

"ते पन्नास वरसं लिवताय तुमी सगळे," कमळाबाई म्हणाली. "आज ह्ये लिवा."